विश्लेषण : न तोडता आतला दोष कसा शोधायचा? एक्स-रेवाले रॉन्टजेन आणि त्यांची शिकारीची बंदूक

रिफायनरीतल्या पाइपचा वेल्ड जोड आतून पक्का आहे की नाही, हे पाहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो कापून बघणे. अडचण एवढीच की, कापल्यावर जोड उरत नाही. बॉयलरचा ड्रम, गॅसची टाकी, विमानाच्या इंजिनाचे पाते या साऱ्यांबाबत हाच पेच असतो. वस्तू शाबूत ठेवून तिच्या पोटातला दोष शोधणाऱ्या तपासनिसांचा एक वेगळाच व्यवसाय यातून उभा राहिला. त्याला एनडीटी, म्हणजे नॉन डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतात. या व्यवसायातल्या एका मोठ्या शाखेचा उगम ज्यांच्या प्रयोगशाळेत झाला, ते विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढणारे शास्त्रज्ञ म्हणून. पण त्याच रॉन्टजेन यांनी आपल्या शिकारीच्या बंदुकीचाही एक्स-रे काढला होता आणि तिच्या नळीतले दोष टिपले होते. डॉक्टरांचे रॉन्टजेन सर्वांना माहीत आहेत. वेल्डिंग तपासणाऱ्यांचे रॉन्टजेन कोण होते, ते पाहू.

एनडीटी म्हणजे नेमके काय?

वस्तूला इजा न करता तिची तपासणी करण्याच्या पद्धतींचे हे एकत्रित नाव. रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरची चीर शोधणे, लोखंडी भागाला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण टाकणे, ध्वनिलहरी आत सोडून प्रतिध्वनी ऐकणे, अशा अनेक पद्धती त्यात येतात. रेडिओग्राफी ही त्यातली एक. कारखान्यात तिला थोडक्यात आरटी म्हणतात. तत्त्व दवाखान्यातल्या एक्स-रेचेच. एका बाजूला किरणांचा स्रोत, दुसऱ्या बाजूला फिल्म आणि मध्ये तपासायची वस्तू. जिथे धातू कमी, तिथून किरणे जास्त पार होतात आणि फिल्म जास्त काळी पडते. वेल्डमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तर फिल्मवर काळा ठिपका दिसतो. वेल्ड मुळापर्यंत पोहोचला नसेल तर मधोमध सरळ काळी रेघ उमटते. टंगस्टनचा कण अडकला असेल तर उलट पांढरा ठिपका दिसतो, कारण टंगस्टन पोलादापेक्षा किरणे जास्त अडवते.

फिल्म वाचणारा तपासनीस हे ठिपके आणि रेघा मोजतो, ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो आणि जोड पास की दुरुस्तीला, हे लिहून सही करतो. त्या सहीनंतर पाइपमधून वाफ किंवा गॅस सोडला जातो. सही चुकली तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

शाळेतून काढलेला मुलगा इंजिनीअर कसा झाला?

रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे उत्पादक आणि व्यापारी, आई मूळच्या ॲमस्टरडॅमच्या. हे त्यांचे एकुलते एक अपत्य. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे राहायला गेले. पुढे उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत शिकत असताना एक प्रकरण घडले. वर्गातल्या एका मुलाने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले आणि आळ रॉन्टजेनवर आला. चित्र कोणी काढले हे त्याने सांगितले नाही आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले.

ही शिक्षा पुढे अनेक वर्षे त्यांच्या मागे राहिली. शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नसल्याने जर्मन आणि डच विद्यापीठांत रीतसर प्रवेश मिळेना. स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये मात्र त्या प्रमाणपत्राविना प्रवेश मिळण्याची सोय होती. १८६५ मध्ये ते तिथे दाखल झाले. विषय घेतला मेकॅनिकल इंजिनीअरिंग. १८६८ मध्ये त्यांना अभियंत्याची पदविका मिळाली आणि पुढच्याच वर्षी झुरिच विद्यापीठाची डॉक्टरेट. म्हणजे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल ज्यांना मिळाले, त्यांचे मूळ शिक्षण यंत्र अभियंत्याचे होते. प्रयोगाची उपकरणे स्वतःच्या हाताने बनवण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत टिकली.

प्राध्यापकीचा रस्ता सोपा होता का?

अजिबात नाही. झुरिचमध्ये ऑगस्ट कुंट या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना आपल्या हाताखाली घेतले आणि भौतिकशास्त्राकडे वळवले. कुंट १८७० मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात गेले, तेव्हा रॉन्टजेनही सहायक म्हणून गेले. पण शाळेचे प्रमाणपत्र नाही म्हणून वुर्झबर्गने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. कुंट यांच्याबरोबर ते स्ट्रासबर्गला गेले आणि १८७४ मध्ये तिथे तो अधिकार मिळाला. दरम्यान १८७२ मध्ये त्यांचा विवाह झाला. ॲना बर्था लुडविग या झुरिचमधल्या एका खानावळ चालकाच्या कन्या, वयाने रॉन्टजेन यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. या दाम्पत्याला मूल झाले नाही. त्यांनी बर्था यांच्या भावाच्या मुलीला आपल्या घरी वाढवले.

होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबर्ग, मग गिसेन अशी नोकरीची गावे बदलत गेली. १८८८ मध्ये वुर्झबर्ग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक आणि भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून बोलावले. ज्या विद्यापीठाने कागद नाही म्हणून दार लावले होते, त्याचेच ते १८९४ मध्ये कुलगुरू झाले. वायूंची उष्णता, स्फटिकांचे गुणधर्म, द्रवांवरील दाबाचा परिणाम अशा विषयांवर त्यांचे काम चालू होते. सहकाऱ्यांमध्ये त्यांची ओळख होती ती अचूक मोजमाप करणारा माणूस म्हणून. मोठा सिद्धांत मांडणारे म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी काय घडले?

त्या काळात युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांत काचेच्या निर्वात नळीतून उच्च दाबाची वीज सोडून कॅथोड किरणांचा अभ्यास चालू होता. फिलिप लेनार्ड यांनी ही किरणे ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यातून नळीबाहेर काढून दाखवली होती. रॉन्टजेन त्याच प्रयोगांची उजळणी करत होते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती. खोलीत अंधार होता. वीज सोडल्यावर नळीपासून दूर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद चमकू लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर पडत नव्हता. कॅथोड किरणे हवेत काही सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाहीत, हे ठाऊक होते. हा कागद तर दोन मीटरवर नेला तरी चमकत होता. मग नळीतून बाहेर पडत होते ते काय?

असे काहीतरी याआधी इतरांच्याही वाट्याला आले होते. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये आर्थर गुडस्पीड यांच्या प्रयोगात १८९० मध्येच फोटोच्या काचेवर अशी छाया उमटली होती. पण ती कशाची, हे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि काच बाजूला पडून राहिली. फिल्मवरची अनोळखी खूण डाग समजून सोडून द्यायची, की तिच्या मागे लागायचे? एनडीटी तपासनिसासमोर हा प्रश्न रोज येतो. रॉन्टजेन मागे लागले.

मग सात आठवडे ते काय करत होते?

एका वाक्यात सांगायचे तर, आपण चुकत तर नाही ना हे तपासत होते. प्रयोगशाळा आणि घर एकाच इमारतीत होते. तरी त्या दिवसांत ते प्रयोगशाळेतच जेवत आणि झोपत. कोणाला काही सांगितले नाही. किरणांच्या वाटेत एकामागून एक वस्तू ठेवायची आणि पडद्यावरची चमक किती कमी होते हे नोंदवायचे, असा क्रम चालला. हजार पानांच्या पुस्तकामागेही पडदा चमकत राहिला. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या देवदाराच्या फळीने किरणे फारशी अडली नाहीत. १५ मिलिमीटर ॲल्युमिनियमने ती बरीच मंदावली, पण थांबली नाहीत. दीड मिलिमीटर शिशाने मात्र जवळपास पूर्ण अडवली. वस्तू जितकी घन आणि जितकी जाड, तितकी किरणे जास्त अडतात, हा निष्कर्ष त्यांनी या नोंदींतून काढला. रेडिओग्राफीचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे.

दुसरी मोजणीही तितकीच महत्त्वाची. पडदा नळीपासून दूर नेत गेले तर चमक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे त्यांनी प्रकाशमापकाने पडताळले. म्हणजे अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश आणि दहापट केले की शंभरावा भाग. आज साइटवर रेडिओग्राफी करणाऱ्या माणसाला प्रशिक्षणात सर्वांत आधी हाच नियम शिकवतात. कारण दोरी किती अंतरावर बांधायची आणि कोणी कुठे उभे राहायचे, हे त्यावर ठरते.

डोळ्यांना दिसले ते भास नसावे म्हणून त्यांनी फोटोच्या काचा वापरल्या. २२ डिसेंबरला बर्था यांचा हात काचेवर ठेवून सुमारे १५ मिनिटे किरणे सोडली. हाडे आणि बोटातली अंगठी उमटली. आपल्याच हाताचा सांगाडा पाहून त्यांना मृत्यूची चाहूल लागल्यासारखे वाटले, असे सांगितले जाते. २८ डिसेंबरला रॉन्टजेन यांनी शोधनिबंध वुर्झबर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळाकडे दिला. किरणांचे स्वरूप कळलेले नव्हते, म्हणून त्यांना नाव दिले एक्स. गणितात अज्ञात संख्येला देतात तसे.

त्या शोधनिबंधात धातूचा तुकडा कशाला आला?

हाताचा फोटो इतका गाजला की, त्याच शोधनिबंधातल्या बाकीच्या वस्तू मागे पडल्या. रॉन्टजेन यांनी आपण काढलेल्या छायांची यादी दिली आहे. बंद लाकडी पेटीतली वजने, लाकडी रिळावर गुंडाळलेली तार, धातूच्या डबीत पूर्ण बंद असलेले होकायंत्र आणि एक धातूचा तुकडा, ज्याची आतली घडण एकसारखी नाही हे किरणांमुळे कळून आले. यादीतला हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा. धातू वरून सारखा दिसतो, आतून नसतो आणि तो न कापता हे कळू शकते, ही गोष्ट किरणांच्या पहिल्याच शोधनिबंधात नोंदवलेली आहे. हाड मोडलेल्या पहिल्या रुग्णाचा एक्स-रे निघण्याआधी धातूची तपासणी झाली होती.

१ जानेवारी १८९६ रोजी त्यांनी शोधनिबंधाच्या प्रती आणि काही फोटो परिचित शास्त्रज्ञांना पाठवले. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या एका दैनिकात बातमी आली आणि काही दिवसांत ती जगभर पोहोचली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्यासमोर प्रात्यक्षिक झाले. २३ जानेवारीला वुर्झबर्गमधील जाहीर व्याख्यानात वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन कोलिकर यांच्या हाताचा एक्स-रे काढला गेला आणि कोलिकर यांनी या किरणांना रॉन्टजेन किरणे म्हणावे असे सुचवले. स्वतः रॉन्टजेन मात्र एक्स हेच नाव वापरत राहिले.

बंदुकीच्या नळीत काय दिसले?

रॉन्टजेन यांना शिकारीचा आणि डोंगरात भटकण्याचा नाद होता. १८९६ मध्ये त्यांनी आपल्या दुनळी बंदुकीचा, नळ्यांत काडतुसे भरलेली असताना, एक्स-रे काढला. फोटोवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नोंदी केल्या. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या शोधनिबंधात त्यांनी या फोटोचा उल्लेख केला आहे. काडतुसाच्या आतले तपशील आणि दमास्कस पद्धतीच्या नळीतले दोष त्यात स्पष्ट दिसतात, असे त्यांनी नोंदवले.

ही पद्धत समजून घेतली की, या फोटोचे मोल कळते. दमास्कस नळी म्हणजे ओतीव किंवा कोरून काढलेली नळी नव्हे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्याभोवती गुंडाळून, भट्टीत तापवून ठोकत त्या एकमेकींना जोडायच्या. म्हणजे संपूर्ण नळी हाच एक लांबलचक सांधा. वरून घासून तिच्यावर सुंदर नक्षी दिसते, पण पट्टीला पट्टी नीट चिकटली नसेल किंवा मध्ये भट्टीतला मळ अडकला असेल तर ते वरून कळत नाही. काडतूस उडाले की आत प्रचंड दाब तयार होतो आणि नळीला लागूनच शिकाऱ्याचा डावा हात असतो.

आता याच्या शेजारी आजचे चित्र ठेवून पाहा. दाब सहन करणारी पोलादी नळी, तिच्यात जोडकाम, जोडात अडकलेला मळ किंवा न भरलेली फट आणि जवळ काम करणारी माणसे. बॉयलर किंवा गॅसच्या पाइपचे वर्णनही हेच आहे. फोटो काढायचा, दोष कुठे आहे त्याची खूण करायची आणि शेजारी लिहून ठेवायचे. वस्तू बंदूक होती एवढाच फरक. काम एनडीटी तपासनिसाचेच होते.

पुढच्या दोन शोधनिबंधांत या व्यवसायाच्या कामाचे आणखी बरेच काही आहे. किरणे निर्माण करण्यासाठी प्लॅटिनमचे लक्ष्य चांगले, हे त्यांनी १८९६ मध्ये सांगितले आणि अंतर्वक्र कॅथोड व ४५ अंशांत बसवलेला प्लॅटिनमचा पत्रा अशी नळीची रचना दिली. १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांची कठीण आणि मऊ अशी विभागणी केली. कठीण नळीची किरणे जास्त जाडीतून पार होतात. तपासनीस आजही किरणांना हार्ड आणि सॉफ्ट म्हणतात. आड शिसे ठेवले तरी आजूबाजूच्या हवेतून विखुरलेली किरणे मागे पोहोचतात, हेही त्यांनी दाखवले. आडोशामागे उभे राहिलो म्हणजे पूर्ण सुरक्षित झालो, असे नसते.

त्यांनी पेटंट का घेतले नाही?

या शोधातून अमाप पैसा मिळू शकला असता. रॉन्टजेन यांनी पेटंट घेतले नाही. विद्यापीठात लागलेले शोध सर्वांचे असतात, असे त्यांचे मत होते. म्हणून कोणत्याही देशातला कारागीर किंवा डॉक्टर नळी आणून काम सुरू करू शकला आणि किरणांचा प्रसार काही महिन्यांत झाला. बव्हेरियाच्या राजाने दिलेला सन्मान त्यांनी स्वीकारला, पण त्याबरोबर मिळू शकणारी उमरावाची पदवी घेतली नाही. १८९६ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे रमफर्ड पदक त्यांना आणि लेनार्ड यांना मिळून देण्यात आले.

१९०१ मध्ये नोबेल पारितोषिके सुरू झाली आणि भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल रॉन्टजेन यांना एकट्याला मिळाले. ते स्टॉकहोमला गेले, पण नोबेल व्याख्यान दिले नाही. पारितोषिकाची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. लेनार्ड यांना १९०५ मध्ये स्वतःचे नोबेल मिळाले, तरी एक्स किरणांच्या शोधाचे श्रेय आपल्याला नाकारले गेले, हा सल त्यांच्या मनातून गेला नाही.

किरणांचा धोका कधी कळला?

शोधाच्या पहिल्याच वर्षी त्वचा भाजल्याच्या आणि केस गळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पण किरणे दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडताना काही जाणवत नाही. त्यामुळे अनेकांनी दुर्लक्ष केले. नळी नीट चालते आहे का हे पाहण्यासाठी स्वतःचाच हात किरणांत धरण्याची पद्धत होती. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स डॅली हे काम वर्षानुवर्षे करत होते. त्यांच्या हातांना कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी त्यानंतर या किरणांचे काम सोडले. एक्स-रे आणि रेडियमने बळी घेतलेल्या डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिकांच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये स्मारक उभारले गेले.

रॉन्टजेन यांना मात्र किरणांची इजा झाल्याची नोंद नाही. त्यांनी प्रयोगांसाठी माणूस उभा राहील एवढी जस्ताच्या पत्र्याची पेटी करून घेतली होती आणि नळीच्या बाजूला शिशाचा पत्रा लावला होता. नळी बाहेर, निरीक्षक आत. हेतू होता फोटोच्या काचा आणि निरीक्षणे बाहेरच्या किरणांपासून वाचवण्याचा. पण त्यात त्यांचे शरीरही वाचले. मोजमाप स्वच्छ असावे या आग्रहाने घेतलेली काळजी जिवाच्या कामी आली.

कारखान्यात ही किरणे कधी पोहोचली?

बंदुकीच्या नळीचे पोलाद पातळ असते; यंत्रांचे जाड भाग तपासायला सुरुवातीच्या नळ्यांची ताकद पुरेशी नव्हती. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टन तारेची नवी नळी बनवली. तिच्यामुळे किरणांची तीव्रता आणि भेदकता हवी तशी बदलता येऊ लागली. १९२२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉटरटाउन शस्त्रागारात होरेस लेस्टर यांनी दोन लाख व्होल्टच्या यंत्राने पोलादाचे ओतीव भाग तपासायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस रॉबर्ट मेल यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रेडियमची गॅमा किरणे वापरून जहाजांचे जाड भाग तपासले.

तोपर्यंत बॉयलर रिव्हेट ठोकून जोडले जात. वेल्डिंगवर विश्वास नव्हता, कारण जोडाच्या आत काय आहे हे कळत नव्हते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बॉयलरच्या नियमावलीने एक्स-रेने तपासलेल्या वेल्डेड ड्रमना मान्यता दिली. आज रिव्हेटचा बॉयलर संग्रहालयात पाहायला मिळतो, त्याचे एक मोठे कारण ही तपासणी आहे.

आज हे काम कसे चालते?

साइटवर विजेच्या यंत्राऐवजी बऱ्याचदा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी समस्थानिकाचा छोटा स्रोत वापरतात. तो जड धातूच्या कवचात ठेवलेला असतो आणि त्या उपकरणाला कॅमेरा म्हणतात. लांबून हँडल फिरवले की, केबलच्या टोकाला असलेला स्रोत नळीतून बाहेर येतो. काम झाले की परत आत ओढतात. इरिडियमची ताकद दर ७४ दिवसांनी निम्मी होते, म्हणून स्रोत ठरावीक काळाने बदलावा लागतो. भारतात हे स्रोत नवी मुंबईतील वाशी येथे असलेल्या बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजे ब्रिट या संस्थेकडून पुरवले जातात. परवाने आणि सुरक्षेची देखरेख मुंबईच्या अणुशक्तीनगरमधील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.

बाकी कामगार साइटवर नसावेत म्हणून हे काम अनेकदा रात्री चालते. दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, किरणमापक हातात घेऊन अंतर तपासायचे, फिल्मवर जोडाचा आणि वेल्डरचा क्रमांक उमटावा म्हणून शिशाची अक्षरे लावायची. छातीवरच्या बॅजमध्ये अंगावर पडलेल्या किरणांची नोंद होत असते. भारतात या कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट इतकी आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. सर्वांत धोक्याचा क्षण असतो तो काम संपल्यावर. स्रोत कॅमेऱ्यात परत गेला की केबलमध्येच अडकला, हे डोळ्यांना दिसत नाही. मापक हातात घेऊनच जवळ जायचे, हा नियम थकव्याच्या भरात मोडला तर इजा गंभीर होऊ शकते.

एक्स-रेने सगळे दोष दिसतात का?

नाही. पसरट आणि अतिशय बारीक चीर किरणांच्या दिशेला आडवी असेल तर त्या जागी धातूची जाडी जवळपास तेवढीच राहते आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. अशा चिरेसाठी ध्वनिलहरींची तपासणी अधिक उपयोगी पडते. जोडाच्या दोन्ही बाजूंना पोहोचता येत नसेल तरी अडचण येते. म्हणून जाणता तपासनीस फिल्म स्वच्छ आहे यावरून जोड निर्दोष आहे असे लिहीत नाही. या पद्धतीने मर्यादेबाहेरचा दोष दिसला नाही, एवढेच लिहितो. आपली पद्धत किती बारीक पाहू शकते हे दाखवण्यासाठी प्रत्येक फिल्मवर बारीक तारांची एक पट्टी ठेवलेली असते. ठरलेली तार दिसली नाही तर फिल्मच बाद होते.

रॉन्टजेन यांची अखेर कशी झाली?

१९०० मध्ये ते म्युनिकला गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. एक्स किरणांवर त्यांनी एकूण तीनच शोधनिबंध लिहिले आणि मग जुन्या विषयांकडे परतले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनीच्या ९३ विद्वानांनी आपल्या लष्कराचे समर्थन करणारे निवेदन काढले, त्यावर रॉन्टजेन यांचीही सही होती. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. १९१९ मध्ये दीर्घ आजारानंतर बर्था गेल्या. युद्धानंतरच्या जर्मनीत महागाई इतकी भडकली की बचतीला अर्थ उरला नाही आणि विद्यापीठाला दिलेली नोबेलची रक्कमही त्यात विरघळून गेली.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. किरणांवर त्यांनी थोडाच काळ आणि आडोशाने काम केले असल्याने या आजाराचा संबंध सहसा किरणांशी जोडला जात नाही. त्यांच्या इच्छेनुसार वैज्ञानिक पत्रव्यवहार आणि अप्रकाशित टिपणे जाळण्यात आली. त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या रात्रीबद्दल त्यांच्या हातचे फारच थोडे उरले. गिसेनच्या जुन्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

नाव मात्र अनेक ठिकाणी उरले. १९२८ मध्ये किरणांच्या मात्रेच्या एककाला रॉन्टजेन हे नाव मिळाले, १११ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे नाव रॉन्टजेनियम आहे आणि ८ नोव्हेंबर हा रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हाताचा फोटो सर्वत्र फिरतो. एनडीटीतल्या माणसांना दुसरा फोटो जवळचा वाटायला हरकत नाही. त्यात एक बंदूक आहे, वरून पाहता तिच्यात काही दोष नाही आणि कडेला ती वापरणाऱ्याच्याच अक्षरात आतल्या दोषांची नोंद आहे. वस्तू आपली आहे, महागाची आहे, अजून चालते आहे, तरी दिसलेला दोष लिहायचा. रेडिओग्राफीच्या रिपोर्टवर सही करणाऱ्याकडून आजही हीच अपेक्षा असते.